'डुप्लिकेट आहे, पण चालतंय' : एका जुन्या सवयीचा इतिहास

पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण खरीप तोंडावर आहे म्हणून पेरणीच्या आत वाचा.

आपल्या आठवडी बाजारात बुटांच्या गाड्यावर उभं राहिलात तर विक्रेता तुमच्याशी खोटं बोलत नाही, हे आधी मान्य करू. तो सरळ सांगतो, 'भाऊ, फर्स्ट कॉपी आहे.' ओरिजिनल पाच-सात हजाराला, हा सातशेला. घेणाऱ्याला माहीत, विकणाऱ्याला माहीत, कॉलेजात तो बूट बघणाऱ्या मित्रालाही माहीत. मग फसवणूक कुणाची झाली? सातासमुद्रापलीकडच्या कुठल्यातरी कंपनीची. तिचं दुःख आपण का करायचं?

हा प्रश्न मी गेले काही महिने बऱ्याच जणांना विचारला. मास्तर, वकील, मोबाईल दुकानदार, कापूसवाले शेतकरी. एकानेही 'हे चूक आहे' असं मनापासून म्हटलं नाही. क्रिसिल आणि 'आस्पा' या संघटनेने मिळून काही वर्षांपूर्वी मोठ्या शहरांत एक पाहणी केली होती. तिच्यात ३१ टक्के ग्राहकांनी आपण नकली माल जाणूनबुजून घेतो असं सांगितलं. आपल्या तालुक्यात पाहणी केली तर आकडा मोठाच निघेल असा माझा अंदाज आहे, फक्त अंदाज.

लोक लबाड झालेत, शिकलेले असून अडाणी आहेत, असं म्हणून हा विषय संपवता येतो. मला ते पटत नाही. ही सवय आली कुठून ते बघायचं तर बरंच मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे सुरुवात आपल्याच कापसापासून होते.

१८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. भाव असे चढले की आपल्याकडे कापसात माती, सरकी, पाणी, हलक्या जातीचा कापूस, जे मिळेल ते मिसळून गाठी जाऊ लागल्या. हिंगणघाटच्या कापसाचं तेव्हा लिव्हरपूलच्या बाजारात नाव होतं. जिथे नाव असतं तिथे नावाची चोरी होणारच. गोऱ्या व्यापाऱ्यांनी ओरड केली आणि मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला. तपासनीस नेमले, शिक्षा ठरवल्या. म्हणजे आपल्या भागातल्या मालाच्या खरेपणाबद्दल सरकारने पहिला मोठा बडगा उगारला तो लिव्हरपूलच्या गिऱ्हाइकासाठी. इथल्या गिऱ्हाइकासाठी नव्हे.

आता त्याच गिरण्यांतून उलट्या दिशेने काय येत होतं ते बघा. मँचेस्टरचं कापड वजनदार लागावं म्हणून त्याच्या खळीत चिनी माती भरायचे. जहाजाच्या दमट पोटात त्या कापडाला बुरशी धरायची. एका धुण्यात खळ गेली की हातात जाळी राहायची. मुंबई-कलकत्त्याच्या व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या, विलायतेत त्यावर चर्चा झाली, पण कापड येत राहिलं. ते होतं 'ओरिजिनल'. त्यावर कंपनीचा रंगीत छाप असायचा, देवादिकांची, हत्ती-वाघांची सुरेख चित्रं, मँचेस्टरकडेच छापलेली. वाचता न येणारा माणूस त्या चित्रावरून कापड ओळखायचा, अमुक छाप दे म्हणायचा. आपल्याकडे ब्रँड आला तो असा, चित्राच्या रूपात. आजही आपण 'घोडा छाप', 'शेर छाप' म्हणतो ते त्याच वळणाचं.

छाप आला की छापाची नक्कल आली. इंग्लंडने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला, त्यात परदेशी मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती होती. रोख जर्मन मालावर होता, कारण जर्मन सुऱ्या-कात्र्या इंग्रजी नावांनी खपत होत्या. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का मुळात बदनामीसाठी होता. पुढे तोच प्रतिष्ठेचा कसा झाला हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८८९ चा मर्चंडाइज मार्क्स कायदा आला. मात्र इथे व्यापारचिन्हाची नोंदणी करायची सोय व्हायला १९४० साल उजाडलं. तोवर विलायती कंपनीला वकील लावून कोर्टात जाता यायचं. गावातल्या विणकराला किंवा सुगंधी तेल विकणाऱ्याला कोण विचारतो?

फॅशनच्या दुनियेतही नक्कल जुनीच. पॅरिसच्या लुई व्हिटाँच्या पेट्यांची नक्कल व्हायची म्हणून कंपनीने १८८८ मध्ये चौकटीचं कापड काढलं, त्यावर आपलं चिन्ह नोंदवलेलं असल्याचं छापलं. त्याचीही नक्कल झाली, म्हणून १८९६ ला ती अक्षरं-फुलांची नक्षी आली. नक्कल थांबवायला काढलेली ती नक्षी आज आपल्या बसस्टँडवरच्या पर्सवरसुद्धा आहे.

पुन्हा आपल्याकडे येऊ. १९०५ नंतर स्वदेशीची लाट आली. टिळकांचा महाराष्ट्र तिच्यात पुढे होता, पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. आणि लगेच परदेशी मालाला स्वदेशीची चिठ्ठी लावून विकण्याचे उद्योग सुरू झाले. गांधीजींच्या काळात खादीचं तेच. गिरण्या जाडंभरडं कापड काढून खादीच्या नावाने विकायच्या. शेवटी १९३४ मध्ये खद्दर नावाच्या संरक्षणाचा कायदा झाला : हाताने कातलेल्या सुताचं, हाताने विणलेलं असेल तरच 'खादी' म्हणायचं. हा कायदा उभा होता १८८९ च्या त्या इंग्रजी कायद्याच्या आधारावर. विलायती छापाच्या रक्षणाला आलेला कायदा खादीच्या रक्षणाला लागला.

मला या प्रकरणात महत्त्वाचं वाटतं ते असं. नकली खादी घेणारे सगळेच फसलेले नव्हते. काहींना सभेला जायचं होतं, अंगावर खादी दिसायला हवी होती, आणि खरी खादी महाग होती. लांबून कोण सूत मोजतो! सातशेच्या बुटामागचं गणित तेच आहे. १९८८ साली जीन ग्रॉसमन आणि कार्ल शापिरो या अर्थतज्ज्ञांनी नकली मालाचे असे दोन भाग पाडले : घेणाऱ्याला फसवून विकलेला, आणि घेणाऱ्याला माहीत असताना विकलेला. दुसऱ्या प्रकारात माणूस वस्तू घेत नाही, तिच्या नावाची पत घेतो. आपल्या आज्यांना हे अर्थशास्त्र शिकल्याशिवाय कळत होतं. बेंटेक्सची पाटली घालून लग्नाला जाणारी बाई कुणालाच फसवत नसते, सगळ्यांना माहीत असतं.

स्वातंत्र्यानंतर सवय पक्की झाली. याची जबाबदारी मी ग्राहकावर कमी आणि धोरणावर जास्त टाकेन. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याने परदेशी माल परवान्याशिवाय येणं बंद. देशी माल कमी आणि त्याला रांग. १९६१ ला एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगलोरला घड्याळं काढायला सुरुवात केली, पण मागणीच्या मानाने उत्पादन तोकडं. मग दुबईकडून गलबतं यायची, कोकणच्या किनाऱ्यावर सोन्याबरोबर घड्याळं उतरायची. सरकारने १९७४ मध्ये कोफेपोसा आणला, मोठमोठे तस्कर आत गेले. पण आपल्या काकांच्या मनगटावरचं सिको कुणी विचारून घेतलं नव्हतं. उलट 'फॉरेनचं आहे' हे सांगायला ते बाही वर करून बसायचे. चोरीच्या वाटेने आलेला माल अभिमानाने मिरवायचा हा धडा आपण तिथे शिकलो.

सगळ्यांना फॉरेनचं कुठून मिळणार? तिथे उल्हासनगर आलं. कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना दिलेली, १९४९ साली राजगोपालाचारींच्या हस्ते शहर म्हणून वसवलेली. सगळं गमावून आलेल्या माणसांनी पत्र्याच्या शेडमध्ये मिळेल तो धंदा केला. 'मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मी त्या विनोदाला फार हसत नाही. पुढे त्याच गल्ल्यांतून देशभर जीन्स गेल्या, पोरांना पहिली जीन्स परवडली. त्याचवेळी जीन्स धुण्याच्या रसायनांनी वालधुनी नदीची गटार झाली, हेही खरं. नकलेच्या धंद्याचं हे असंच असतं, काळं-पांढरं करायला गेलं की हात दोन्ही रंगांत माखतात.

कॅसेटचं तर मी स्वतः बघितलंय. ऐंशीच्या दशकात ओरिजिनल कॅसेट घेणारं घर गल्लीत एखादं. बाकीचे कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून आणायचे. यादी लिहून द्यायची, दोन दिवसांनी न्यायची. चोरी करतोय असं कुणाच्या मनातही आलं नाही. १९९१ नंतर दारं उघडली, २००१ मध्ये आयातीवरचे उरलेसुरले संख्येचे निर्बंध गेले आणि 'चायना माल' आला. ओरिजिनल आता देशात मिळायला लागलं होतं, फक्त किंमत मुंबईच्या पगाराची होती. पूर्वी परवाना आडवा यायचा, आता खिसा. आपल्या माणसाने जुनीच वाट धरली.

कायदा काय म्हणतो? १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावण्याला आणि तसा माल विकण्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. पण या कलमांखाली छापा घालायचा तर अधिकारी डीवायएसपीच्या खालचा चालत नाही, आणि आधी ट्रेडमार्क रजिस्ट्रारचं मत घ्यावं लागतं. म्हणून तुम्ही पेपरात बघाल, बहुतेक वेळा गुन्हा कॉपीराइट कायद्याने दाखल होतो आणि सोबत कंपनीचा माणूस असतो. कंपनीचा माणूस आला नाही तर सहसा छापा पडत नाही. विकत घेणाऱ्याला आपल्याकडे काही शिक्षा नाही. इटलीने २००५ मध्ये घेणाऱ्यालाही दंड लावला, पर्यटकांनी तो भरलाही. आपल्याकडे असं काही व्हावं असं मला वाटत नाही. हजार रुपयांचा नकली शर्ट घालणाऱ्या पोराला पकडून काय मिळणार?

इथपर्यंत मी नकली माल घेणाऱ्याच्या बाजूने बोलतोय असं वाटेल. बुटापुरता आहेच. बुटाचं सोल तीन महिन्यांत उचकटतं, तेव्हा कळतं, आपण शिवी देतो आणि दुसरा घेतो. डोळ्यांना दिसतो, हाताला कळतो, नुकसान सातशेचं.

पण गोळी डोळ्यांना दिसत नाही. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष होतं, कारखान्यात वापरायचा माल दवाखान्यात आला होता. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. त्यात साध्या हव्यासापेक्षा जास्त काही दिसलं : खरेदी, तपासणी, परवाना, प्रत्येक टेबलावर कुणीतरी 'चालतंय' म्हटलं होतं. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या समितीने २००३ मध्ये नकली औषधांसाठी फाशीपर्यंत शिफारस केली. २००८ च्या दुरुस्तीत किमान दहा वर्षं ते जन्मठेप आली. तरी २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयातून घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांच्या नमुन्यात औषधच निघालं नाही. पाकीट बरोबर, नाव बरोबर, आत काही नाही. ती गोळी घेणाऱ्याने 'फर्स्ट कॉपी द्या' म्हटलं नव्हतं.

आणि आता बियाणं. यासाठीच एवढा लांबचा फेरा घेतला.

बियाण्याची गोष्ट बुटाहून आणि गोळीहून गुंतागुंतीची आहे, कारण इथे जाणूनबुजून घेणारा आणि फसलेला हे दोघे एकाच रांगेत उभे असतात. २००१ मध्ये गुजरातेत बोंडअळीने कापूस खाल्ला, पण काही शेतं हिरवीगार उभी राहिली. तपासलं तर ते नवभारत १५१ नावाचं बियाणं होतं, आत परवानगी नसलेलं बीटी. सरकारने पीक नष्ट करा म्हटलं, शेतकरी आडवे झाले. २००२ च्या मार्चमध्ये अधिकृत बीटीला मंजुरी मिळाली. शेतकऱ्याने यातून काय शिकायचं? की बिनपरवान्याचं चाललं, सरकार मागून आलं. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोटजवळ अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने उघडपणे तणनाशक सहन करणारं एचटीबीटी पेरलं. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, तंत्रज्ञान वापरायचं स्वातंत्र्य द्या, ही त्यांची मागणी होती. तिच्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

पण त्या आंदोलनाच्या आडोशाने आपल्या भागात काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे. रात्री येणारी पाकिटं. त्यावर कुठलंही रंगीत नाव, कधी नामांकित कंपनीशी अक्षरं जुळणारं. अधिकृत बीजी-२ पाकिटाची कमाल किंमत सरकारने २०२४ च्या खरिपासाठी ८६४ रुपये ठरवली होती, हे त्याहून चढ्या भावाने. बिल नाही. बिल मागितलं तर 'विश्वास नाही का भाऊ' असं वर ऐकून घ्यायचं. बुटाची नक्कल स्वस्त मिळते, बियाण्याची महाग पडते, तरी आपण घेतो. आत खरंच एचटीबीटी आहे, की साधं बीटी, की जिनिंगमधली सरकी रंग लावून भरलेली, हे कळायला पाऊस पडून गेलेला असतो.

कुणी म्हणेल, ओरिजिनल तरी कुठे उगवतं? बरोबर आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही, नावाजलेल्या नावांच्या पिशव्यांमधलंही नाही. मराठवाड्यात आणि विदर्भात दुबार पेरणी झाली. पण पुढे काय झालं ते आठवा. तक्रारी झाल्या, कृषी खात्याने पंचनामे केले, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. हे सगळं झालं कारण लोकांकडे बिल होतं, टॅग होता, लॉट नंबर होता. भरपाई सगळ्यांना मिळाली असं नाही. पण तक्रार लिहून घ्यावी लागली. तालुका तक्रार निवारण समिती आजही पहिल्यांदा तेच मागते : पक्कं बिल, पिशवी, टॅग, जमलं तर उरलेलं थोडं बियाणं. बिनबिलाचं पाकीट घेतलेल्या माणसाला समितीसमोर तोंडच उघडता येत नाही. विकणाऱ्याला हे पूर्ण माहीत असतं. त्याचा धंदाच या गप्प बसण्यावर चालतो.

छापाचा मूळ उपयोग मला इथे दिसतो. छाप म्हणजे पत्ता. माल वाईट निघाला तर कुणाची कॉलर धरायची त्याचा पत्ता. दीडशे वर्षांत आपण छापाचा रुबाब तेवढा घेतला आणि पत्ता सोडून दिला, कारण तो पत्ता कधी आपल्या कामाचा नव्हताच. मँचेस्टरच्या गिरणीची कॉलर आपल्या आजोबांना कुठे धरता येत होती?

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे म्हणून लिहितो. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बियाणं ठेवायचा, बदलायचा, विकायचासुद्धा हक्क दिलाय. अट एकच : संरक्षित वाण असेल तर ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. म्हणजे शेजाऱ्याच्या शेतातलं सोयाबीन, उगवण तपासून, तोंडओळखीवर घेतलं तर त्यात बेकायदेशीर काही नाही. तिथे छाप नाही, पण पत्ता आहे, बांधापलीकडचा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचं, हे आपल्या आईबापांना येत होतं.

यंदाही पाकिटं यायला सुरुवात झाली आहे. मला दोन ठिकाणांहून फोन आले. मागच्या खरिपातलं बिनबिलाचं पाकीट कुणाकडे पडलेलं असेल, उगवलं असो वा नसो, तर दोन्ही बाजूंचा फोटो मला इनबॉक्स करा. लॉट नंबरच्या जागी काय छापलंय ते दिसू द्या. कोणत्या महिन्यात, किती रुपयांना घेतलं एवढं लिहा. तुमचं नाव कुठेही येणार नाही. आणि ज्यांनी विकलं त्यांची नावं आत्ता कॉमेंटमध्ये टाकू नका, आधी कागद जमू द्या.